नुसतं तेल लावलेला पाळणा

१२ जुलै, शनिवार

शिवण मिळाली, पाळण्याला हवं होतं तेच लाकूड! कोरडी ठणठणीत, दोन पावसाळे माळ्यावर काढलेली. सरळगावच्या धोंडीमामाकडे. बांधावरचं झाड वादळात पडलं तेव्हा मामाने फळ्या कापून ठेवल्या होत्या. मी नुसतं विचारलं, पाळण्यापुरत्या द्याल का? मामा म्हणाला, "सोनालीच्या पोरासाठी ना? मग इचारतोस काय, उचल."

टेम्पोच्या मागे फळ्यांवर हात ठेवून बसलो ते घरी, किन्हवलीपर्यंत. जसं काय कुणी पळवणारच होतं!

सोनालीला आठवा चाललाय. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी करायचं. पण बाबा आधीच गेले, आई दोन वर्षांपूर्वी गेली, माझी बायको सारिका दिवसभर आसनगावला कंपनीत. घरात मी एकटा, रंधा मारत. बाळंतिणीचं मी काय करणार? म्हणून टोकावड्यालाच होणार सगळं, तिच्या सासरी. तिची सासू पारूमावशी म्हणाली, "आमी करू, तू काळजी करू नको." चांगल्या मनाने म्हणाली. मला मात्र मान खाली घालावी लागली. सख्खा भाऊ असून एवढं जमलं नाही.

पाळणा तरी माझ्या हातचा देईन. असा देईन की बघत राहतील.

१५ जुलै

सोनालीचा फोन. "दादा, एक सांगू? रागावणार नाय ना? रंग नको. चकचकीत पॉलिश पण नको. पोरं सगळं तोंडात घालतात, कठडा चावत बसतात. नुसतं लाकूड दे, फार तर तेल लाव."

मी म्हटलं, हे मला सांगतेस? धंदा आहे माझा.

"म्हणूनच सांगते," म्हणाली. "तुमी सगळे सुतार चकाकी बघता."

हसलो दोघं.

मग हळूच, "सासूबाई विचारत होत्या, सागाचा आहे ना?"

१८ जुलै

सागाचा बराच विचार केला. शेडमध्ये पडलाय चांगला साग, दरवाज्याच्या कामातला उरलेला. लोकांना सागच कळतो. पण साग जड. आणि ताजा कापला की मलाच शिंका सुरू होतात, हाताला खाज येते. बाळाच्या नाकाशी तो नको. प्लायचे तुकडे तर नकोच, त्यातल्या गोंदाचा वास उन्हात डोळ्यांत जातो. सोनालीच्या नवऱ्याच्या, भाविकरावांच्या, चुलत्याकडे जुना पाळणा आहे म्हणे, निळा ऑइलपेंट मारलेला, फुकट देतात. त्याचे पापुद्रे सुटलेत. जुन्या रंगात शिसं असतं, ते पोराच्या पोटात जाईल. नको म्हणून कळवलं.

शिवणच. हलकी, चिरत नाही, कुसळ लागत नाही हाताला. पारूमावशीला पटवायचं माझं मी बघेन.

२० जुलै

आज शहापूरला गेलो होतो. हार्डवेअरच्या दुकानात जवसाच्या तेलाचा डबा. दुकानदार म्हणाला हेच लावा, एका दिवसात सुकतं. घेतला. बसस्टँडवर बसून मागचं बारीक वाचलं. लवकर सुकावं म्हणून त्यात काय काय धातूंची औषधं घातलेली, आणि खाली "मुलांपासून दूर ठेवा"!

परत गेलो. दुकानदार वैतागला. "शेठ, सगळे हेच नेतात." ठेव म्हटलं तुझ्याकडेच.

तेलाच्या घाण्यावरून खायचं जवसाचं तेल आणलं. ते हळू सुकतं, ठाऊक आहे. वेळ आहे अजून. डॉक्टरांनी ऑगस्ट अखेर सांगितलंय. वरून शेवटी मधाच्या पोळ्याचं मेण चोळायचं.

२७ जुलै, रविवार

उभा राहिला! एकही खिळा नाही, सगळा लाकडी खुंट्यांवर. गजांच्या मधे तीन बोटं मावणार नाहीत एवढीच फट. कोपरे इतके घासले की डोळे मिटून हात फिरवला तर कुठे कड लागत नाही. सारिकाने परसातला भोपळा आणून आत निजवला आणि झोका दिला. स्टँड कुरकुरला नाही. "झोपला," म्हणाली.

पहिला हात तेलाचा दिला. शिवण पिवळसर होती ती मधासारखी झाली. मी खुर्ची घेऊन समोर बसून राहिलो, काही काम नसताना.

३ ऑगस्ट

तेल सुकत नाही. आठवडा झाला. बोट टेकवलं की ठसा उठतो. हवाच ओली आहे, भिंती घामेजल्यात. दुसरा हात द्यायची घाई केली ती चूक. पुसून काढायचं होतं, मी भरपूर लावलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

मुलगी झाली! सकाळी भाविकरावांचा फोन. तारखेच्या आधीच! वजन थोडं कमी, पण बाकी सगळं ठीक. दोघी ठीक. सारिकाने पेढे आणले.

पाळणा चिकट आहे.

६ ऑगस्ट

बारसं रविवारी, १७ तारखेला.

११ ऑगस्ट

पंखा लावून बघितला. दोन्ही बाजूंना बल्ब लावून ठेवले. चुलीच्या खोलीत आणला, तर धुराने काळवंडला, परत घासला. आज खालच्या जोडात बुरशीचे ठिपके दिसले. काळे. पुसले.

सारिका म्हणाली, "असाच न्या. सांगा, तेल सुकायचंय, महिनाभर वापरू नका. त्यात काय!"

त्यात काय! पारूमावशीच्या जावांची सगळी फौज येणार, भाविकरावांच्या मामा-मावश्या येणार. माहेरची भेट म्हणून आमचा चिकट, बुरशी आलेला पाळणा. सागाचा पण नाही. वर सांगायचं वापरू नका. आधी बाळंतपण केलं नाही, आता हे.

सारिकाला म्हटलं, तुला नाही कळणार.

१३ ऑगस्ट

केलं.

थिनरच्या फडक्याने वरचं तेल ओढून काढलं, पॉलिशपेपर मारला, सीलर मारला, आणि मेलामाइनचं पॉलिश. दोन हात. कपाटांना, टीव्ही युनिटांना मारतो तेच. तासाभरात हाताला कोरडं. बरं, खालचं तेल पुरतं निघालेलं नाही, त्यावर मेलामाइन नीट सुकून घट्ट होत नाही, वास महिना महिना राहतो. हे मी पोरांना शिकवलंय! उल्हासनगरला कामाला होतो तेव्हा नवीन पोरांना सांगायचो, खाली तेलकट असेल तर हात लावू नका.

थोडा आहे वास. चार दिवसांत जाईल. कुणाला कळणार आहे.

१४ ऑगस्ट

चमकतोय. आरशासारखा.

१७ ऑगस्ट, रविवार

बारसं झालं. नाव वैष्णवी. आत्याने कानात सांगितलं.

सगळं लिहून काढतो, नाहीतर झोप यायची नाही.

पाळणा ओटीवर ठेवला. बायका भोवती गोळा झाल्या. "अगो, केवढा झळकतोय!" "बाजारात मिळणार नाय असा." भाविकरावांच्या मामाने गज ठोकून बघितले, मान हलवली. सागाचं कुणी विचारलंही नाही. पारूमावशी सगळ्यांना सांगत होती, "माझ्या सुनेच्या भावाच्या हातचा हाय."

आणि सोनाली. अशक्त, कानाला फडकं बांधलेलं, पण तोंडावर असा आनंद! सगळ्या बायकांच्या मधे उभी राहून म्हणाली, "दादाने नुसतं तेल लावलंय हां. खायचं तेल! कसलंच केमिकल नाय. बाळाने चाटलं तरी चालेल."

बायका बघायला लागल्या माझ्याकडे. पारूमावशीने वाकून वास घेतला. "मंग हा वास कसला येतो रे हरेश?"

मी म्हटलं, "तेलाचाच, मावशी. लाकूड नवीन आहे ना."

असं पटकन आलं तोंडात! विचारसुद्धा करावा लागला नाही.

सोनाली माझ्याकडे बघत होती. मग वाकून तिने पोरीला पाळण्यात ठेवलं. बायकांनी गाणं म्हटलं.

जेवायला बसलो. शेजारी रंभाबाई बसली होती, वर वाडीवर राहते, बाळ-बाळंतिणीला मालिश करते. तोंडाचा पट्टा चालू. "तुझी भाची नाजूक हाय रे, पन रडते अशी की कोंबडं लाजेल! महिन्याभरात टणक करते बघ." मी हसलो. बाईचे हात बघितले, मोठे, तेलकट. चांगली वाटली.

१८ ऑगस्ट

तेलाचाच, मावशी.

२४ ऑगस्ट, रविवार

भाविकरावांचा फोन. पोरीच्या गालांवर आणि पाठीवर लाल चट्टे आलेत. डोळ्यांतून पाणी येतं. रात्री खोकते. उद्या मुरबाडला डॉक्टरांकडे नेणार.

"उष्णता असेल," मी म्हटलं.

मी म्हटलं!

२५ ऑगस्ट

डॉक्टर म्हणाले, त्वचेला काहीतरी लागतंय. काय लावता अंगाला, कपडे कशाने धुता, सगळं विचारलं. मलम दिलंय. घरी आल्यावर पारूमावशीने रंभाबाईला बंद केलं. तिचं तेल वाईट निघालं म्हणून. भाविकराव म्हणाले, "आई लई भडकली तिच्यावर, दादा. ओटीवरूनच परत पाठवली. शेजारणीलापण सांगितलं, तिला बोलवू नका."

मी फोनवर नुसतं "हां, हां" करत होतो.

सारिका समोर भाजी निवडत बसली होती. फोन ठेवल्यावर तिने विचारलं, मी सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली.

"त्या बाईचं काय?"

"कुठल्या बाईचं?"

"सोंग नका घेऊ. शेडमधला वास मला येत नव्हता काय त्या दिवशी? मी गप्प बसले, म्हटलं तुमचं तुमाला कळेल. सांगा त्यांना. आत्ता फोन लावा."

मी म्हटलं, मेलामाइननेच झालं हे कशावरून? असेल तिच्या तेलाने. लसूण, ओवा, काय काय उकळतात.

ती म्हणाली, "तुमाला खरं काय वाटतं?"

मी उठून शेडमध्ये गेलो. काही काम नव्हतं तिथे.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. आरतीच्या वेळी सगळे डोळे मिटून उभे होते. मी समईकडे बघत उभा राहिलो.

३० ऑगस्ट, शनिवार

टोकावड्याला जाऊन आलो. ठरवून गेलो होतो की पाळणा घेऊन यायचा. एक खुंटी सैल आहे सांगायचं, शेडवर आणायचा, सगळं खरवडून काढायचं, महिनाभर उन्हात ठेवून परत द्यायचा. कुणाला काही सांगायला नको. असा विचार करताना मला चांगलंसुद्धा वाटत होतं, म्हणजे मी काहीतरी करतोय!

गेलो तर पोर खाली गोधडीवर होती. मला बघितल्याबरोबर सोनालीने तिला उचलून पाळण्यात ठेवलं. बरं वाटलं की एवढं जपते माझी वस्तू. मग जवळ जाऊन बघितलं. गाल सोललेल्यासारखे. नाकाजवळ भेगा. पोर झोपेत गालाला मूठ घासत होती. आणि वास, माझ्याच शेडचा वास, तिच्या उशाशी.

"औषध लावतेस ना?" मी विचारलं.

"लावते."

"तेल बंद करूनसुद्धा कमी नाही?"

पारूमावशी आतून म्हणाली, "तिच्या हातचं एवढ्यात उतरायचं नाय. केवढा इश्वास टाकला होता बाईवर!"

मी म्हटलं, मावशी, पाळण्याची एक खुंटी सैल आहे, नेतो आणि ठीक करून आणतो.

मावशी बाहेर आली. "काय बोलतोस! घरात बाळ असताना पाळणा बाहेर काढतात होय? रिकामा पाळणा न्यायचा नाय. इथंच ठोक काय ती खुंटी."

हत्यारं आणली होती. बसून चांगली खुंटी ठोकली. सगळे बघत होते. पोर जागी झाली आणि रडायला लागली. रंभाबाई म्हणाली होती तसं, कोंबडं लाजेल असं.

परत येताना टोकावड्याच्या स्टँडवर रंभाबाई भेटली. करटुलीचे वाटे घेऊन बसली होती विकायला. मी दुसरीकडे बघून जात होतो, तिने हाक मारली.

"ए बाबा! तू भाऊ ना तिचा? तुझ्या भाचीला मी काय केलं रे? तीस वरसं पोरं चोळते मी. तुझ्या दाजीला मीच चोळला, भाविकला. इचार त्याला किती फोड आले होते!"

लोक बघायला लागले.

"आता पाटलाच्या सुनेनंपन नको सांगितलं. पारूबाई बोलली म्हनून. मी काय तेलात जहर घातलं?"

मी म्हटलं, "मी काय सांगू बाई." एसटी आली नव्हती. तरी चालत सुटलो. पुढच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो.

३१ ऑगस्ट

सारिकाने विचारलं, पाळणा आणला का. नाही म्हटलं. तिने ताट वाढलं आणि स्वतःचं घेऊन परसात जाऊन बसली.

१ सप्टेंबर

आज एका गिऱ्हाइकाचं कपाट करत होतो. मेलामाइनचा डबा उघडला आणि बंद केला. त्याला सांगितलं, कॉम्प्रेसर बिघडलाय.

आणखी एक खोटं. आता सहज येतात.

४ सप्टेंबर, गुरुवार

सांगितलं.

पहाटेच निघालो, सारिकाला नुसतं म्हटलं, टोकावड्याला जातो. तिने डब्यात भाकरी बांधून दिली. जाताना म्हणाली, "उभ्यानेच सांगा. बसलात की चहा येईल, मग राहील."

पारूमावशी ओटीवर तांदूळ निवडत होती. भाविकराव पिकअप गाडी पुसत होते. सोनाली दाराशी, पोर मांडीवर. मी चप्पल काढली नाही. खाली उभं राहूनच बोललो.

"मावशी, पाळण्याला नुसतं तेल नाय. तेल लावलं होतं, ते सुकलं नाय. म्हणून वरून केमिकलचं पॉलिश मारलं. कपाटाला मारतात ते. बारशाला तुमाला खोटं सांगितलं. पोरीच्या अंगावर आलंय ते त्यानेच. रंभाबाईच्या तेलाचा काय दोष नाय."

सूप थांबलं.

"तुला ठावं होतं?"

"हो."

"परवा येऊन पोरीला बघून गेलास, तवा?"

"हो."

"आन खुंटी ठोकलीस."

मावशीचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. म्हणाली, "मायबाप नसलेली पोर सून करून आणली. कधी काय मागितलं आमी? तू साधी फळकुटाची पेटी आणली असतीस तरी मी डोक्याला लावली असती. तुला कुनी सांगितलं होतं झळकव म्हनून?"

भाविकराव आत गेले. पाळणा एकट्यानेच उचलून आणला, माझ्या समोरून नेला आणि अंगणात ठेवला, गोठ्याच्या कडेला. पारूमावशीने अडवलं नाही. मी सोनालीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तोंड पांढरं पडलेलं. पोरीला घेऊन आत निघून गेली आणि दार लोटून घेतलं.

तिला तोंड दाखवायची माझी लायकी नाही, असं वाटलं. एवढं सगळ्यांसमोर मिरवलं तिने, आणि मी तिला तोंडघशी पाडलं.

तिथून वर वाडीवर गेलो. रंभाबाई अंगणात गवताचा भारा बांधत होती. तिलाही सांगितलं. मला वाटलं होतं, ती रडेल, किंवा "जाऊ दे रे" म्हणेल. खरं लिहायचं तर तेवढ्यासाठीच गेलो होतो.

ती म्हणाली, "मंग माझ्या दारात कशाला आलास?"

"माफी मागायला."

"स्टँडवर मी इचारलं तवा काय बोललास? मी काय सांगू बाई! पळालास. मी बघितला तुला पळताना." मग, "पारूबाई काय बोलली माझ्याबद्दल?"

काही नाही बोलल्या, मी म्हटलं.

"बघ! ज्या घरांत माझं तेल खराब म्हनून गेलं, तिथं कोन सांगनार? ती जानार? तू जानार?"

"मी जातो."

मला वाटलं, संपलं. तिने विळा खोपटात खोचला, पदर बांधला. "चल मंग. आत्ताच चल."

आणि घेऊन गेली! पुढे ती, मागे मी. पाटलांकडे, मग शाळेमागच्या घरी, मग आणखी दोन ठिकाणी. प्रत्येक दारात ती उभी राहून हाक मारायची, "बाहेर या गो, हा काय सांगतो ते ऐका." आणि बाजूला सरकायची. मी सांगायचो. पाळणा मी केला, विषारी पॉलिश मी मारलं, खोटं मी बोललो, हिच्या तेलाने काही झालं नाही. पाटलांची सून हात जोडून उभी राहिली, तिला काय करावं कळेना. एका घरी म्हातारी बहिरी होती, तिला तीनदा ओरडून सांगावं लागलं. तिसऱ्यांदा ओरडेपर्यंत शेजारपाजारचे बाहेर आले. शाळेमागे एक बाई हसली. "आन आमाला सांगत होते केवढा कारागीर!"

कान तापले होते. पण रंभाबाई गप्प उभी होती, मी एक शब्द खाल्ला तर खोकायची. मग मी तो शब्द बोलायचो.

स्टँडवर आली माझ्याबरोबर. एसटी लागली. वाटलं आता तरी काही बोलेल. म्हणाली, "जा आता." आणि वाडीच्या वाटेला लागली.

घरी आल्यावर सारिकाला सगळं सांगितलं. तिने ऐकलं. भाकरी तशीच डब्यात होती, ती काढून तिने गरम केली.

५ सप्टेंबर

भाविकरावांना दोनदा फोन केला. उचलला नाही. सोनालीला करायची हिंमत नाही.

६ सप्टेंबर

विसर्जन. पाळणा अजून अंगणातच असेल काय? पेटवू नका, धूर वाईट असतो, असा मेसेज टाकला. उत्तर नाही. निळी खूण आली.

७ सप्टेंबर, रविवार

सोनालीचा फोन. हळू बोलत होती, मागे गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू येत होती.

"दादा, कशाला सांगितलंस रे? मला ठाऊक होतं."

काय ठाऊक होतं, मी विचारलं.

"बारशाच्याच दिवशी. लग्नाआधी तुझ्या शेडमध्ये किती दरवाजे घासलेत मी. मला मेलामाइनचा वास कळणार नाय? पण तेल-तेल सगळ्यांना बोलून बसले होते. तू खोटा पडला असतास. माझं माहेर म्हणजे तू एकटाच, ते पण गेलं असतं. खाली निजवायचे मी तिला. पण लोक बघायला आले की पाळण्यात घालावंच लागायचं. घालायचे." मग नाक ओढत, "आन डॉक्टरांनी विचारलं ना, काय लावता, तेव्हा रंभाबाईचं नाव सासूबाईंनी नाय काढलं. मी काढलं."

पोरीचे गाल निवळतायत म्हणाली.

मी म्हटलं, उद्या येतो. आपण दोघं जाऊ वाडीवर, रंभाबाईकडे.

मागे घंटा वाजत राहिली. फोन ठेवला नाही तिने.